पॉवर स्टिअरिंग द्रवाची निवड व शीतक

पॉवर स्टिअरिंग द्रव हा मोटारगाडीच्या द्रवचालित सुकाणू यंत्रणेत दाब वाहून नेणारा तेलासारखा पदार्थ आहे. गॅरेजमध्ये व बोलीभाषेत त्याला ‘स्टिअरिंग ऑइल’ म्हणतात. चालकाने सुकाणूचक्र फिरवले की इंजिनावर चालणारा पंप या द्रवाला दाब देतो आणि त्या दाबाच्या बळावर पुढची चाके वळतात. दाब वाहून नेण्याबरोबरच पंपाला वंगण देणे, ऑइल सील मऊ ठेवणे, गंज रोखणे व निर्माण झालेली उष्णता वाहून नेणे ही कामेही हाच द्रव करतो. चुकीचा द्रव वापरल्यास किंवा योग्य द्रव सतत अतितप्त राहिल्यास सील कडक होतात, गळती सुरू होते, पंप झिजतो आणि ऐन वळणावर सुकाणूचक्र जड होते. म्हणून द्रवाची निवड आणि तो थंड ठेवणारे शीतक या एकमेकांशी निगडित बाबी आहेत.

शीतक म्हणजे तप्त द्रव हवेच्या झोतातून नेऊन थंड करणारी नळी किंवा जाळी. अनेक गाड्यांत ते कारखान्यातूनच बसवलेले असते. काही गाड्यांत ते नंतर बसवून घेतले जाते.

इतिहास

अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली पिअर्स-ॲरो कंपनीच्या मोटारीवर द्रवचालित सुकाणू यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवले. जनरल मोटर्सने तिच्यावर काही वर्षे काम केले, परंतु उत्पादनखर्च अधिक असल्याने १९३४ च्या सुमारास तो प्रयत्न थांबला. दुसऱ्या महायुद्धात जड लष्करी वाहनांना या यंत्रणेचा उपयोग झाला. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारीत ती प्रथम १९५१ च्या क्रायस्लर इंपीरिअलमध्ये आली.

त्या काळी या यंत्रणेसाठी वेगळा द्रव नव्हता. स्वयंचलित गिअरपेटीसाठी जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे द्रवाचे मानक ठरवले होते. तोच द्रव सुकाणू यंत्रणेतही वापरला जाऊ लागला. पुढे त्याच घराण्यात ‘डेक्स्रॉन’ या नावाची मानके आली. आजही असंख्य गाड्यांच्या स्टिअरिंग टाकीत गिअरपेटीचे लाल तेल असते, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

भारतात ही यंत्रणा प्रवासी मोटारींत उशिरा रुळली. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी, जी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली, तिचे सुकाणू चालकाच्या मनगटाच्या बळावरच वळत असे. अवजड वाहनांसाठी लागणाऱ्या सुकाणू यंत्रणा महाराष्ट्रातही तयार होऊ लागल्या. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही १९८१ मध्ये स्थापन झालेली कंपनी त्यांपैकी एक होय. महिंद्रा बोलेरो व स्कॉर्पिओ, टोयोटा इनोव्हा, फोर्स ट्रॅव्हलर अशा गाड्यांमुळे द्रवचालित यंत्रणा खेड्यापाड्यांतील प्रवासी वाहतुकीपर्यंत पोहोचली.

कार्यपद्धती

यंत्रणेचे चार मुख्य भाग असतात : द्रवाची टाकी, पट्ट्यावर चालणारा पंप, झडपेसह स्टिअरिंग रॅक किंवा गिअरबॉक्स, आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. पंपापासून रॅकपर्यंतची नळी जास्त दाबाची असते, तर रॅकपासून टाकीकडे परतणारी नळी कमी दाबाची असते. हा भेद शीतक बसवताना निर्णायक ठरतो.

सुकाणूचक्राच्या दांड्यात एक बारीक पोलादी दांडी असते. चाकांकडून विरोध झाला की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळामुळे झडप उघडते. झडप दाबाखालील द्रव रॅकमधील दट्ट्याच्या एका बाजूस सोडते. दट्ट्या सरकतो व चाके वळतात. चालकाने चक्र स्थिर धरले की पीळ सुटतो, झडप मधल्या स्थितीत येते आणि द्रव जवळजवळ विनादाब टाकीकडे परततो.

सुकाणूचक्र व चाके यांमधील यांत्रिक जोडणी कायम असते. त्यामुळे द्रव संपला, पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडले तरी गाडी वळवता येते; मात्र त्यासाठी बरेच अधिक बळ लावावे लागते. घाटात उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे धोकादायक ठरते, त्यामागे ब्रेकचे साहाय्य कमी होण्याबरोबर हेही एक कारण आहे.

उष्णता कोठून येते

पंप द्रवाला जी ऊर्जा देतो तिचा जो भाग चाके वळवण्यात खर्च होत नाही, तो शेवटी उष्णतेत रूपांतरित होतो. या ऊर्जेचा अंदाज साध्या सूत्राने काढता येतो : दाब बारमध्ये आणि प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ६०० ने भागले की शक्ती किलोवॉटमध्ये मिळते.

उदाहरणादाखल मिनिटाला ८ लिटर प्रवाह देणारा पंप घेऊ. सरळ रस्त्यावर दाब ५ बारच्या आसपास असेल तर शक्ती सुमारे ०.०७ किलोवॉट, म्हणजे एखाद्या छताच्या पंख्याइतकी भरते. सुकाणूचक्र एका टोकाला पूर्ण वळवून तसेच दाबून धरले तर दाब ८० बारपर्यंत चढतो व शक्ती १ किलोवॉटहून थोडी अधिक होते. या स्थितीत चाके हलत नसल्याने जवळपास सारी शक्ती द्रव तापवण्यात जाते. यंत्रणेत साधारण १ लिटर द्रव असेल तर धातूने शोषलेली उष्णता सोडून दिल्यास त्याचे तापमान दहा सेकंदांत सहा अंश सेल्सिअसने वाढू शकते. ‘चक्र टोकाला नेऊन धरून ठेवू नये’ अशी सूचना वाहनपुस्तिकांत असते, तिचे कारण हे आहे.

यांत इंजिनाच्या कप्प्यातील उष्णतेची भर पडते. टाकी व नळ्या एक्झॉस्टच्या जवळ असतील, वातानुकूलन चालू असेल आणि गाडी कमी वेगाने चालत असेल, तर द्रवाला थंड होण्यास वाव राहत नाही. रुंद टायर, टायरमधील कमी हवा, पुढच्या चाकांवर पडणारा जादा भार व बिघडलेले चाकांचे संरेखन यांनीही दाब वाढतो.

तेलाच्या ऑक्सिडीभवनाचा वेग दर दहा अंशांच्या वाढीमागे साधारणपणे दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे. ९० अंशांवर टिकणारे तेल सतत ११० अंशांवर राहिले तर त्याचे आयुष्य सुमारे एक चतुर्थांश उरते. तापलेला द्रव पातळ होतो, पंपाच्या पात्यांवरील तेलाचा थर क्षीण होतो, द्रवाचा रंग काळपट होतो व त्याला जळकट वास येतो. नायट्राइल रबराचे सील व नळ्याही दीर्घकाळ १०० अंशांच्या पुढे राहिल्यास कडक होऊन तडकतात.

द्रवाचे प्रकार

स्वयंचलित गिअरपेटीचे तेल : डेक्स्रॉन व मर्कॉन या मानकांचे हे तेल बहुधा लाल असते. डेक्स्रॉन-२ व डेक्स्रॉन-३ यांची शिफारस अनेक जपानी व भारतीय गाड्यांत आढळते. २००५ मध्ये आलेले डेक्स्रॉन-६ त्यांच्यापेक्षा पातळ आहे. १०० अंशांवर त्याची श्यानता ६.४ सेंटीस्टोक्सपेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे, तर डेक्स्रॉन-३ ची श्यानता साधारण ७ ते ७.५ असते. जुन्या, झिजलेल्या पंपात हा फरक जाणवू शकतो.

संश्लेषित द्रवचालन तेल : अनेक जर्मन गाड्यांत पेंटोसिन सीएचएफ ११ एस किंवा त्याच्या तोडीचे हिरवे तेल सांगितलेले असते. ४० अंशांवर त्याची श्यानता सुमारे १९ सेंटीस्टोक्स, म्हणजे गिअरपेटीच्या लाल तेलाच्या जवळजवळ निम्मी असते. कडाक्याच्या थंडीतही ते सहज वाहते. विजेच्या मोटरने चालणाऱ्या पंपाच्या काही युरोपीय गाड्यांतही अशाच तेलाची शिफारस असते.

निर्मात्याचे विशिष्ट द्रव : होंडाचा स्वतःचा पॉवर स्टिअरिंग द्रव आहे. ह्युंदाई व किया यांच्या गाड्यांत पीएसएफ-३ व पीएसएफ-४ ही मानके आढळतात. यांतील समावेशक द्रव्ये त्या त्या यंत्रणेच्या सीलना अनुरूप असतात.

सर्वोपयोगी द्रव : ‘सर्व गाड्यांसाठी’ असे छापलेल्या बाटल्या बाजारात मिळतात. बाटलीवरील यादीत आपल्या गाडीने मागितलेले मानक नाव घेऊन दिलेले असेल, तरच असा द्रव योग्य समजावा. ‘सर्व गाड्यांसाठी’ हे शब्द म्हणजे मानक नव्हे.

निवड

निवडीचा पहिला आधार वाहनपुस्तिका व टाकीच्या झाकणावरील मजकूर हा होय. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत सेवाकेंद्रात गाडीचा चासी क्रमांक सांगून द्रवाचे मानक विचारता येते. द्रव निवडताना पुढील क्रम उपयोगी पडतो :

१. मानकाचे नाव जुळवावे. कंपनीचे नाव दुय्यम असते. एकच मानक पूर्ण करणारी निरनिराळ्या कंपन्यांची तेले वापरता येतात.

२. रंगावर विसंबू नये. तेलाचा रंग केवळ मिसळलेल्या रंगद्रव्याचा असतो. दोन लाल तेले भिन्न मानकांची असू शकतात आणि जुने लाल तेल तपकिरी दिसते.

३. गाडी जुनी घेतलेली असेल आणि टाकीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर भर घालण्याऐवजी सर्व द्रव बदलणे श्रेयस्कर असते.

४. उष्ण प्रदेश म्हणून जाड तेल घालू नये. झडपेतील फटी ठरावीक श्यानतेसाठी आखलेल्या असतात. उष्णतेवरचा उपाय तेल थंड ठेवणे हा आहे.

५. गळती थांबवणारी रसायने सील फुगवून तात्पुरता उपाय करतात. कडक झालेला किंवा तुटलेला सील त्यांनी दुरुस्त होत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल घालणे. नाव ‘ऑइल’ असले तरी नेहमीचे डॉट-३ व डॉट-४ ब्रेक द्रव ग्लायकॉल ईथरवर आधारलेले असतात. ते नायट्राइल सीलना अपाय करतात व पंपाला पुरेसे वंगण देत नाहीत. उलट खनिज तेलाचा अल्पसा अंश जरी ब्रेकच्या टाकीत गेला, तरी तेथील ईपीडीएम रबराचे सील फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. काही गाड्यांत दोन्ही टाक्या बॉनेटखाली जवळजवळ असल्याने झाकणावरील मजकूर वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. अशी चूक झाल्यास इंजिन सुरू न करता, गाडी ओढून नेऊन संपूर्ण यंत्रणा साफ करून घ्यावी लागते.

द्रव बदलणे

पिचकारीने टाकीतील द्रव काढून नवा भरणे ही सोपी रीत प्रचलित आहे. तिची मर्यादा अंकगणिताने स्पष्ट होते. यंत्रणेतील एकूण द्रवाचा एक तृतीयांश भाग टाकीत असेल, तर एका वेळेनंतर जुन्या द्रवाचा दोन तृतीयांश भाग उरतो. मध्ये गाडी चालवून द्रव मिसळू देत ही कृती तीन वेळा केल्यास सुमारे ३० टक्के आणि सहा वेळा केल्यास सुमारे ९ टक्के जुना द्रव शिल्लक राहतो. एकाच मानकाचा नवा द्रव घालताना ही रीत चालते. मानक बदलायचे असेल किंवा चुकीचा द्रव पडला असेल, तर ती पुरत नाही. परतीची नळी सोडवून जुना द्रव बाहेर काढावा लागतो.

शीतक : गरज केव्हा असते

शीतक हा प्रत्येक गाडीसाठी आवश्यक भाग नाही. स्टिअरिंग जड होणे किंवा पंपाचा आवाज येणे या तक्रारींमागे कमी झालेला द्रव, सैल पट्टा, नळीत शिरलेली हवा, तुंबलेली टाकीची जाळी किंवा झिजलेला पंप असण्याची शक्यता अधिक असते. ही कारणे न तपासता बसवलेले शीतक खर्च वाढवते व मूळ दोष झाकून ठेवते.

पुढील लक्षणे एकत्र दिसल्यास मात्र उष्णतेचा संशय घेण्यास जागा असते : सकाळी थंड गाडीत सुकाणू हलके असते व दीर्घकाळ हळू चालवल्यावर जड होते; नवा द्रव अल्पावधीत काळवंडतो; टाकीत तप्त अवस्थेत फेस दिसतो; नवे सील वारंवार गळू लागतात. रुंद टायर बसवलेली, पूर्ण भाराने घाटात चालणारी किंवा अरुंद जागेत सतत मागेपुढे वळवली जाणारी गाडी या गटात येते. गाडीत कारखान्याने बसवलेली शीतक नळी असेल आणि ती गंजून अथवा अपघातात चेपली गेली असेल, तर ती पूर्ववत करणे हाच पहिला उपाय ठरतो. एखाद्या दुरुस्तीत ती वगळून सरळ नळी जोडली गेल्याचीही शक्यता असते. म्हणून नळ्यांची मूळ मांडणी पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावी.

शीतकाचे प्रकार

वळणदार नळी : रेडिएटरच्या पुढे आडवी नेऊन परत आणलेली धातूची एक नळी. हिची शीतनक्षमता मर्यादित असते, पण प्रवाहाला अडथळा अत्यल्प होतो. अनेक गाड्यांत कारखान्यातून हीच येते.

पंखयुक्त नळी : ॲल्युमिनिअमच्या नळीला पातळ पत्र्याचे पंख असतात. जागा कमी लागते व चिखल धुणे सोपे जाते.

जाळीचे शीतक : लहान रेडिएटरसारखी रचना. यात नागमोडी नळी व पंख अथवा एकावर एक रचलेल्या पोकळ पट्ट्या असतात. क्षमता सर्वाधिक असते, मात्र बारीक फटींत धूळ व चिखल अडकतो. निवडताना केवळ आकार न पाहता आतील मार्ग पुरेसा रुंद आहे याची खात्री करावी लागते. परतीच्या मार्गात अडथळा वाढला तर तेथील दाब वाढतो आणि कमी दाबासाठी केलेल्या जोडांवर ताण येतो.

जागा व जोडणी

शीतक नेहमी रॅककडून टाकीकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या परतीच्या नळीतच जोडावे. पंपाकडून निघणाऱ्या नळीतील दाब ८० ते १०० बारपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो. साधे शीतक व क्लिपा तो सहन करू शकत नाहीत.

शीतकाची योग्य जागा म्हणजे पुढच्या ग्रिलमागे, वातानुकूलनाच्या कंडेन्सरच्या पुढे, जेथे गार हवा प्रथम येते. त्याने कंडेन्सरचा मोठा भाग झाकला जाऊ नये. ते बंपरच्या खालच्या कडेच्या वर असावे, नाहीतर गतिरोधक वा दगड लागून फुटू शकते. नळ्यांची तोंडे शक्यतो वर ठेवावीत, म्हणजे हवा आत अडकून राहत नाही. शीतक धातूच्या पट्ट्यांनी व रबरी गाद्यांनी चौकटीला बांधावे; रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधल्यास कंपनांमुळे जाळी घासून छिद्रे पडतात.

नळी तप्त तेलासाठी बनवलेली व मूळ नळीच्या आतील व्यासाची असावी. अनेक गाड्यांत हा व्यास सुमारे १० मिलिमीटर असतो. रेडिएटरच्या पाण्याची नळी तेलात फुगते, म्हणून ती वापरू नये. नळी एक्झॉस्टपासून दूर, पट्टा व पंख्याला न लागेल अशी आणि चाके पूर्ण वळल्यावर न ताणेल अशी न्यावी. हा मुद्दा सोयीपुरता नसून सुरक्षिततेचा आहे. या तेलांचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानावर त्यांची वाफ ठिणगीने पेटते ते तापमान, साधारण १७० ते २०० अंशांच्या आसपास असतो. चढावर इंजिनाचा एक्झॉस्ट त्याहून कितीतरी अधिक तापतो. सुटलेल्या नळीतून त्यावर पडणारे तेल पेट घेऊ शकते.

हवा काढणे

जोडणीनंतर टाकी भरून, पुढची चाके जमिनीपासून उचलून व गाडी सुरक्षितपणे ठोकळ्यांवर टेकवून, इंजिन बंद ठेवूनच सुकाणूचक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवतात. पातळी उतरली की द्रव भरत राहावे. फेस व बुडबुडे येणे थांबल्यावर इंजिन सुरू करून तीच कृती टोकाला न थांबता करावी. घाईने प्रथमच इंजिन सुरू केल्यास हवा द्रवात घुसळली जाऊन दुधाळ फेस होतो व तो बसेपर्यंत थांबावे लागते. शीतकामुळे यंत्रणेत थोडा अधिक द्रव मावतो, म्हणून शेवटी पातळी पुन्हा पाहणे आवश्यक असते. थंड व तप्त अवस्थेसाठी टाकीवर वेगळ्या खुणा असतात.

खडवली व परिसरातील परिस्थिती

ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील खडवली हे गाव मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा व वाशिंद या स्थानकांच्या दरम्यान, भातसा नदीच्या काठी वसले आहे. पडघ्याजवळ मुंबई–नाशिक महामार्गाशी त्याचा रस्ता मिळतो. या भागातील गाडीला एकाच दिवसात तीन भिन्न परिस्थितींतून जावे लागू शकते आणि स्टिअरिंग द्रवावरील त्यांचा परिणामही भिन्न असतो.

पहिली परिस्थिती कल्याण-डोंबिवलीच्या गर्दीची. येथे वेग कमी, ग्रिलमधून येणारी हवा कमी व वळणे अधिक. गाडी अरुंद जागेत लावताना उभ्या चाकांवर सुकाणू वळवले जाते आणि त्या वेळी दाब सर्वाधिक असतो. ‘द्रव घाटातच तापतो’ ही समजूत त्यामुळे अपुरी आहे. गाडी किंचित चालती ठेवून सुकाणू वळवण्याची सवय कोणत्याही शीतकापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी परिस्थिती घाटाची. कसारा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीवरील इगतपुरीला जाताना, किंवा मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताना, इंजिन जास्त फेऱ्यांनी चालते, वेग कमी असतो व वळणे सलग येतात. अवजड वाहनांमागे अडकलेल्या गाडीला हवेचा झोतही मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तालुक्याच्या अंतर्भागात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले, की शीतकाला मिळणारी हवाच तप्त असते. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद केल्यास इंजिनाची साठलेली उष्णता टाकीपर्यंत पोहोचते. म्हणून काही मिनिटे संथ गतीने चालवणे हितावह असते.

तिसरी परिस्थिती सरळ द्रुतगती मार्गाची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून घाटाला पर्याय मिळाला आहे. अशा मार्गावर सुकाणू फारसे वळत नाही, हवा भरपूर मिळते आणि द्रव तुलनेने थंड राहतो. केवळ अशा मार्गाने जाणाऱ्या गाडीला जादा शीतकाची गरज सहसा भासत नाही.

पावसाळ्यात कोकणपट्टीतील लाल चिखल शीतकाच्या जाळीत बसून वाळतो व हवा अडवतो. पावसाळा संपल्यावर मंद धारेने आतून बाहेरच्या दिशेने जाळी धुणे पुरेसे असते. जोरदार फवाऱ्याने पंख वाकतात. पोलादी नळ्यांचे जोड गंजले आहेत का, हेही त्याच वेळी पाहता येते.

प्रवासात द्रव गळल्यास

सुकाणू अचानक जड झाले व पंपातून घरघर येऊ लागली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. गळती हाताने चाचपून शोधू नये. जास्त दाबाच्या नळीतील बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून आत जाऊ शकते व ती जखम वरून लहान दिसली तरी गंभीर असते. गाडीखाली पुठ्ठा सरकवून थेंब कोठे पडतात ते पाहता येते. तेल एक्झॉस्टवर पडत असेल तर गाडी पुढे चालवू नये. गळती किरकोळ असल्यास व योग्य मानकाचा द्रव जवळ असल्यास पातळी राखत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. कोरडा पंप चालत राहिल्यास अल्पावधीत निकामी होतो आणि त्याचे धातूचे कण रॅकमध्ये शिरतात. पट्टा काढून टाकण्याचा उपाय मात्र विचारपूर्वक करावा, कारण अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप व अल्टरनेटरही चालवतो.

घाटात नियमित जाणाऱ्या गाडीत योग्य मानकाची एक बंद बाटली ठेवणे उपयुक्त असते.

टाकाऊ द्रवाची विल्हेवाट

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचराविषयक केंद्रीय नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात, जमिनीवर किंवा नदीत टाकू नये. खडवली परिसरात हा प्रश्न केवळ गावापुरता राहत नाही, कारण भातसा हा मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा सर्वांत मोठा स्रोत आहे. नदीकाठी गाड्या धुताना गळके स्टिअरिंग किंवा इंजिन असेल तर तेलाचा तवंग थेट पाण्यात जातो. काढलेला द्रव झाकणाच्या डब्यात साठवून, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजमध्ये किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे ही योग्य रीत आहे. त्यात ब्रेक द्रव, शीतकजल किंवा पेट्रोल मिसळल्यास पुनर्प्रक्रिया कठीण होते.

विद्युत स्टिअरिंग

१९८८ मध्ये सुझुकी सर्व्हो या जपानी मोटारीत विजेच्या मोटरने साहाय्य करणारी यंत्रणा आली. तिच्यात पंप, नळ्या व द्रव नसल्याने गळती, द्रवाची निवड व शीतक हे प्रश्नच उरत नाहीत. शिवाय सुकाणू वळत नसताना ऊर्जाही खर्च होत नाही. आज बहुतेक लहान मोटारींत हीच यंत्रणा असते. म्हणून द्रव विकत घेण्यापूर्वी बॉनेटखाली स्टिअरिंगची टाकी आहे का, हे पाहणे इष्ट असते. भारवाहू वाहने, बसगाड्या आणि अनेक जुन्या मोठ्या प्रवासी गाड्या मात्र अद्याप द्रवावरच वळतात. त्यांच्या बाबतीत झाकणावर लिहिलेले मानक, परतीच्या नळीची अवस्था व द्रवाचा वास या तीन गोष्टी वेळोवेळी तपासणे ही सर्वांत सोपी देखभाल आहे.